"आता फक्त लाईट द्यायचंय": दुर्मिळ आणि पसरलेल्या कॅन्सरमधलं रेडिएशन

कॅन्सरच्या पेशंटच्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं, "ऑपरेशन होणार नाही म्हणाले, आता फक्त लाईट द्यायचंय." रेडिएशनला कोणी लाईट म्हणतं, कोणी शेक म्हणतं, पण त्या "फक्त"मधे सगळं संपल्याचा सूर असतो आणि तो ऐकून मला दरवेळी वाईट वाटतं. कारण दुर्मिळ कॅन्सर असो की पसरलेला, रेडिएशन आज कितीतरी वेगवेगळ्या हेतूंनी देतात, आणि आपल्या माणसाला ते कशासाठी देतायत हे कळलं की घरातलं अर्धं घाबरणं कमी होतं.

आधी "शेक" या शब्दाचं बघू, कारण त्यामुळे बराच घोळ होतो. शेक म्हटलं की वाटतं काहीतरी गरम लावणार, गाठ भाजून काढणार. तसं काही नसतं. डोक्या-मानेच्या कॅन्सरला साधारण ७० ग्रे डोस देतात, १ ग्रे म्हणजे १ किलो शरीरात १ ज्यूल ऊर्जा जिरणं. हे ७० च्या ७० ग्रे एका दमात पाण्याला दिले तरी ते पाणी एका अंशाच्या साठाव्या भागाइतकंच तापेल, आणि इथे तर ते ३५ चकरांत वाटून देतात. मग पेशी मरते कशाने, तर डीएनए तुटतो म्हणून. १ ग्रेमधे एका पेशीत हजारेक ठिकाणी डीएनएचा एक धागा तुटतो आणि तीस-चाळीस ठिकाणी दोन्ही धागे तुटतात. एकच धागा तुटला तर समोरच्या धाग्यावरून पेशी तो नीट जोडून घेते, दोन्ही तुटले की जोडणी चुकू शकते, आणि तशी चुकली की मग ती पेशी पुढे विभागायला जाते तेव्हा तिथेच अडकून मरते. म्हणून तर रेडिएशन झाल्या झाल्या गाठ गेलेली दिसत नाही, कधी आठवडे लागतात कधी महिने. कॅन्सरच्या पेशींची दुरुस्तीची व्यवस्था बऱ्याचदा बिघडलेली असते, निरोगी पेशींची शाबूत असते, त्यामुळे रोज थोडं थोडं दिलं की निरोगी पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्यापैकी सावरतात. "एवढ्या चकरा कशाला, एकदाच का नाही देत" याचं उत्तर हे आहे.

बाकीचा सगळा प्रश्न नेम धरण्याचा. राँटगेननी १८९५ मधे एक्स-रे शोधले आणि पुढच्याच वर्षी लोकांनी ते कॅन्सरवर वापरून बघायला सुरुवात केली, पण ते किरण कमजोर होते, आतल्या गाठीपर्यंत पोचेपर्यंत वरची कातडी भाजून निघायची. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देऊन ताकदवान एक्स-रे काढणारं मशीन, आलं तेव्हा चित्र बदललं. १९५० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉक्टर हेन्री कॅप्लन यांनी असं मशीन वापरलं, आणि तिथल्या अगदी सुरुवातीच्या पेशंटपैकी एक होता लहानसा मुलगा, डोळ्याच्या पडद्याचा दुर्मिळ कॅन्सर असलेला, रेटिनोब्लास्टोमा. एक डोळा काढावाच लागला होता. दुसऱ्या डोळ्यावर बारीक झोत सोडला, तो डोळा वाचला आणि दृष्टीही राहिली. म्हणजे या मशीनच्या गोष्टीत दुर्मिळ कॅन्सर अगदी पहिल्या पानापासून आहे.

आज ट्रीटमेंटच्या खोलीत काय होतं ते जवळून बघा. मेंदूजवळची गाठ असेल तर आधी मास्क बनवतात, जाळीदार प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात टाकला की मऊ पडतो, तो ओला कोमट पत्रा चेहऱ्यावर ताणून बसवतात आणि काही मिनिटांत थंड होऊन नाक, हनुवटी, कपाळ जसंच्या तसं त्यात उमटतं. रोज तोच मास्क टेबलाला पक्का करायचा म्हणजे डोकं काल होतं तिथेच आज. (ज्यांना बंदिस्त जागेची भीती वाटते त्यांनी हे आधीच सांगावं, डोळ्यांपाशी मास्क कापून देता येतो, कधी आधी हलकं औषधही देतात, मुकाट सोसायची काहीच गरज नाही.) मग मशीन स्वतःच छोटा सीटी काढतं, प्लॅनमधल्या चित्राशी जुळवतं, दोन मिलिमीटर फरक दिसला तर टेबल तेवढं सरकतं. किरण बाहेर पडतात त्या तोंडाशी टंगस्टनच्या पातळ पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, मशीन पेशंटभोवती फिरत असताना त्या सतत आतबाहेर सरकतात आणि झोताला त्या त्या कोनातून दिसणाऱ्या गाठीचा आकार देतात. फुप्फुसातली गाठ श्वासाबरोबर वरखाली होते, तर श्वास रोखायला लावतात किंवा गाठ ठरलेल्या जागी आली की तेवढ्यापुरतेच किरण सोडतात.

पण एक्स-रेची एक अडचण राहतेच, ते गाठीतून पार होऊन पलीकडेही जातात. प्रोटॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातले कण, तसं करत नाहीत, ठरलेल्या खोलीपर्यंत जातात, बहुतेक ऊर्जा तिथे टाकतात आणि थांबतात. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मधे सुचवलं की हे उपचारात वापरता येईल, आणि १९५४ मधे अमेरिकेत बर्कलेला पहिल्या पेशंटला प्रोटॉन दिले. याचा खरा उपयोग बघायचा तर कॉर्डोमा बघा. कवटीच्या तळाशी नाहीतर मणक्याच्या टोकाला होणारा अतिशय दुर्मिळ कॅन्सर, हळू वाढतो पण चिवट, मारायला ७० ग्रेच्या आसपास किंवा त्याहून जास्त डोस लागतो आणि शेजारी काय, तर मेंदूचा देठ आणि डोळ्यांच्या नसा, ज्यांना तेवढा डोस झेपतच नाही. अशा ठिकाणी पाच मिलिमीटरवरही निकाल ठरतो. जपानमधे चिबाला १९९४ पासून यासारख्या गाठींवर कार्बनचे आयनही (विद्युतभार असलेले अणू) वापरतात, ते आणखी जड मारा करतात. मात्र प्रत्येक कॅन्सरला प्रोटॉनच हवेत असं अजिबात नाही, बऱ्याच ठिकाणी चांगल्या प्लॅनचे एक्स-रे तेवढंच काम करतात.

मला स्वतःला सगळ्यात जास्त थक्क करणारा प्रकार वेगळाच आहे, त्यात मशीनच नाही, रेडिएशन सलाईनमधून शिरेत जातं. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर नावाचे कॅन्सर असतात, आतड्यात, स्वादुपिंडात सुरू होणारे, बऱ्याचदा कळतात तेव्हा लिव्हरमधे दहा-वीस ठिकाणी पसरलेले. एवढ्या ठिकाणी बाहेरून किती झोत मारणार? पण यातल्या बऱ्याच गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या हॉर्मोनचे रिसेप्टर, म्हणजे ते हॉर्मोन चिकटायच्या जागा, दाटीने बसलेले असतात. मग त्या हॉर्मोनसारखा छोटा रेणू घ्यायचा आणि त्याला किरणोत्सारी अणू जोडायचा. आधी गॅलियम-६८ जोडून स्कॅन काढतात, जिथे जिथे ते चिकटतं तिथे तिथे चित्रात उजळतं. स्कॅन छान उजळला तर पुढे जवळपास त्याच रेणूला ल्युटेशियम-१७७ जोडून औषध म्हणून देतात. पत्ता तोच, पाकिटातला माल वेगळा. ल्युटेशियममधून निघणारे बीटा कण दोनेक मिलिमीटरपलीकडे जात नाहीत, म्हणजे मारा गाठीत आणि तिच्या अगदी लगत होतो, आणि साधारण साडेसहा दिवसांत त्याची ताकद निम्मी होते. आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने चार डोस. सोबत अमिनो अ‍ॅसिडचं सलाईन लावतात कारण हे औषध किडनीतून बाहेर पडतं आणि किडनीला जपावं लागतं, त्या सलाईनने मळमळ होते हे माहीत असलेलं बरं. लघवीतून किरणोत्सार जातो म्हणून काही दिवस टॉयलेट नीट फ्लश करणं, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून थोडं लांब राहणं असे नियम पाळायचे. २०१७ मधे याची नेटर-१ ही चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात मधल्या आतड्यापासून सुरू होऊन पसरलेल्या कॅन्सरचे २२९ पेशंट होते, २० महिन्यांनंतर आजार न वाढलेल्यांचं प्रमाण या औषधाच्या गटात अंदाजे ६५ टक्के आणि दुसऱ्या गटात ११ टक्के निघालं. याने कॅन्सर मुळापासून गेला असं नाही, पण आजार थोपवून धरलेले ते महिने त्या घरासाठी काय असतात हे वेगळं सांगायला नको. प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरवरही आता हाच मार्ग वापरतात, तिथे पत्ता वेगळा, पीएसएमए नावाचं प्रोटीन.

पसरलेला म्हणजे सगळा सारखाच असंही नसतं. १९९५ मधे हेलमन आणि वाइखसेलबॉम या दोन डॉक्टरांनी मांडलं की पसरणं सुरू झालंय पण अजून दोन-चार जागीच आहे अशी एक मधली पायरी असते, आणि तिथे त्या जागाच नेम धरून मारल्या तर फायदा होऊ शकेल. पुढे सेबर-कॉमेट नावाच्या ९९ पेशंटच्या चाचणीत एक ते पाच जागी पसरलेल्यांना थोड्याच दिवसांत मोठ्या डोसचं अचूक रेडिएशन दिलं, पाच वर्षांनी त्या गटातले ४२ टक्के जिवंत होते, नेहमीच्या उपचारांच्या गटातले १८ टक्के. हेही सांगायलाच हवं की रेडिएशन घेतलेल्या ६६ जणांपैकी तिघांचा मृत्यू उपचारांशी संबंधित मानला गेला. म्हणून ठिकाण कुठलं, शेजारी कुठला अवयव, आधी तिथे डोस झालाय का, हे सगळं बघूनच ठरवतात, मज्जारज्जूसारखा अवयव तर जुना डोस पूर्ण विसरत नाही.

आणि काही आजारांपुढे अजून हात टेकावे लागतात. लहान मुलांच्या मेंदूच्या देठात पसरणारा डीआयपीजी नावाचा कॅन्सर, तिथे रेडिएशनने मूल काही महिने परत चालतं, बोलतं, हसतं, आणि मग आजार परततो. ते महिने खरे असतात, पण आई-बापांना आधीच खरं काय ते सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता परत त्या "फक्त लाईट"कडे, कारण बहुतेक घरांत ते हाडाच्या दुखण्यासाठी दिलेलं असतं. कॅन्सर हाडात गेला की रात्री कूस बदलता येत नाही अशा वेदना होतात. इथे ३५ चकरा लागत नाहीत, ८ ग्रेचा एकच डोस वेदना कमी करायला दहा दिवसांच्या कोर्सइतकाच चालतो हे अनेक चाचण्यांत दिसलंय, फरक इतकाच की एकच डोस घेतलेल्यांना नंतर परत द्यायची वेळ जास्त वेळा येते. आधीच दमलेल्या माणसाला एका चकरेत मोकळं करता येत असेल तर डॉक्टरांना हे जरूर विचारा. आराम मात्र लगेच पडत नाही, एक ते चार आठवडे लागतात, उलट पहिल्या दोन-तीन दिवसांत काही जणांचं दुखणं वाढतं, ते तात्पुरतं असतं आणि त्यावर औषध असतं. आणि पाठीचं दुखणं चालू असताना पाय जड पडायला लागले, बधीर वाटलं, लघवी अडकली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, मणक्यात मज्जारज्जू दाबला जात असू शकतो, त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. पाय पूर्ण जायच्या आत रेडिएशन किंवा ऑपरेशन झालं तर चालणं टिकायची शक्यता कितीतरी जास्त असते.