फेफरं, अर्धशिशी आणि घड्याळ

कोल्हापुरात कुणी रस्त्यात हातपाय झाडत पडलं, की कुणाच्या तरी पायातली चप्पल निघतेच. 'फेफरं आलंय, वास द्या!' अर्धं डोकं उठलं तर उपाय वेगळा: सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी. उपाय कसेही असोत, ही दोन दुखणी वेगळी हे घरोघरी ठाऊक आहे. जुन्या वैद्यांनाही होतं. चरकसंहितेतला अपस्मार म्हणजे हेच फेफरं किंवा फिट; शब्दाचा अर्थ स्मृती जाणं. सुश्रुतसंहितेतला अर्धावभेदक म्हणजे अर्धं डोकं फुटणं.

घोळ होतो तो दोघांच्या शिवेवर. डोळ्यांपुढं चमकणं, हाताला मुंग्या, शब्द अडणं हे दोन्हींत होतं. शिवाय फिट ओसरल्यावर डोकं असं ठणकतं, की ती कुणी पाहिली नसेल तर माणूस डोकेदुखीचीच गोळी मागतो.

या शिवेवर विल्यम गॉवर्स या लंडनच्या डॉक्टरांनी १९०७ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचा भर काळावर होता: फिटची चाहूल झटकन येऊन जाते, अर्धशिशीची सावकाश पसरते. पुढं १९४१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी अर्धशिशीत स्वतःच्याच डोळ्यांपुढं येणारी नागमोडी रेघ कशी सरकते ते टिपलं आणि हिशेब मांडला. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर! गंमत पुढंच आहे. १९४४ मध्ये ब्राझीलचे संशोधक लेआओ सशांच्या मेंदूत अपस्मार शोधत होते. सापडली ती तितक्याच संथपणे सरकणारी, मेंदूच्या पेशींना काही काळ गप्प करणारी निपचितपणाची लाट. अर्धशिशीच्या चाहुलीमागं हीच लाट असावी, असं आज मानलं जातं. म्हणून ती चाहूल ५ ते ६० मिनिटं चालते, फिट बहुधा दोन मिनिटांत आटोपते.

मेंदूचा विद्युत आलेख (ईईजी) जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये जाहीर केला. पण दोन फिटांच्या मधल्या काळात तो साफ येऊ शकतो. म्हणून डॉक्टर आधी विचारतात, 'किती वेळ चाललं? बघायला कोण होतं?'

नंतरचं सावरणं जुन्या वैद्यांनीही टिपलं होतं: झटका ओसरला की माणूस झोपेतून उठल्यासारखा जागा होतो, असं चरकसंहिता सांगते. फिटनंतर एखादा हात तात्पुरता लुळा पडतो हे डॉक्टर रॉबर्ट टॉड यांनी १८४९ मध्ये नोंदवलं. बहुतेकदा तो काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत सुधारतो. पहिल्यांदाच असं झालं तर पक्षाघात नाही ना, हे तपासावंच लागतं. भानावर यायलाही वेळ लागतो. तोवर कुशीवर वळवावं, तोंडात पाणी घालू नये, चप्पल पायातच ठेवावी. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर थेट सीपीआर, म्हणजे इथलं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, किंवा जवळचा दवाखाना गाठावा. अर्धशिशीनंतर भान शाबूत असतं, पण दिवसभर अंगात त्राण नसतं.

घोळाला आणखी एक कारण आहे आणि ते वैद्यकाच्या पुस्तकात मिळत नाही. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची आडकाठी १९९९ मध्ये निघाली. स्थळ बघताना मात्र 'पोरीला अधूनमधून अर्धशिशी होते, बाकी काही नाही' हे अजून ऐकू येतं.