बोट बदकावर, तोंडात कमळ

माण तालुक्यातल्या एका वाडीवरची दोनशिक्षकी शाळा. तिसरीतली एक मुलगी मला धडा वाचून दाखवत होती. आवाज खणखणीत, कुठं अडखळणं नाही. सहज तिच्या बोटाकडं लक्ष गेलं. तोंडात ‘कमळ’ आणि बोट ‘बदका’वर. अख्खं पान पाठ!

मी तिच्या पाटीवर ‘गिरणी’ लिहिलं. आता सूर गेला. ‘‘गला पहिली वेलांटी गि... र... णला दुसरी वेलांटी णी.’’ सगळं बरोबर. मग शब्द काय झाला? तिनं क्षणभर माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘‘पाणी?’’

‘पोर कच्चं आहे’ म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या पाचसहा सेकंदांत काय झालं ते बघा. ऐकलेलं, पाहिलेलं आपण जिथं घटकाभर धरून ठेवतो, त्या कार्यकारी स्मृतीत एका वेळी जेमतेम तीनचार गोष्टी मावतात. ‘ग’, ‘पहिली वेलांटी’, ‘गि’, ‘र’ एवढ्यातच ती भरली. ‘ण’ची वेलांटी आत आली आणि ‘गि’ बाहेर सांडला. हाती उरली शेवटची ‘णी’, तिला तिनं घरातला शब्द जोडला. उत्तर चुकलं खरं, पण डोकं चालवून चुकलं. अक्षर दिसताक्षणी आवाज आपोआप उमटू लागला, तरच अर्थाला जागा उरते.

हे आपोआप होणं जन्मजात नसतं. बोलणं माणसाच्या रक्तात आहे, लिपी मात्र पाचएक हजार वर्षांची. मेंदूच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूस खाली, वस्तू आणि चेहरे ओळखणारा भाग असतो. त्यातला एक तुकडा सरावानं अक्षरांच्या कामाला जुंपला जातो, असं फ्रेंच संशोधक स्तानिस्लास देहान सांगतात. २०१७ साली लखनौजवळच्या खेड्यांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. डोळ्यांकडून आलेली माहिती पुढं धाडणाऱ्या, मेंदूच्या अगदी आतल्या भागांतही फरक दिसला. तिशीतल्या माणसाचा मेंदू बदलतो, तर आठ वर्षांच्या पोरीचा का नाही?

एवढंच की आपली लिपी वेळ मागते. इंग्रजीची अक्षरं २६. आपल्याकडं ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली की चारशेच्या वर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. पहिली वेलांटी ऐकू येते अक्षरानंतर, पण लिहितात अक्षराआधी. रफार उच्चारायचा आधी आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे आपल्या डोंगरातल्या. फरक एवढ्याशा रेघेचा. वाचन कसं येतं याच्या अभ्यासक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास केला, तेव्हा अक्षरांवर पकड यायला चौथी-पाचवी उजाडते असं दिसलं. कन्नड लिपीची घडण आपल्यासारखीच, आणि सांगलीच्या जत तालुक्यात कन्नड शाळाही आहेत, तेव्हा हे परमुलखातलं संशोधन समजू नये. पहिलीतच बाराखडी ‘संपवली’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता आमची गोष्ट. त्या शाळेत आम्ही गोष्टींच्या पुस्तकांची पेटी घेऊन गेलो होतो. वर्गणी, नारळ, हार, फोटो, सगळं झालं. पुढच्या वर्षी पाहिलं तर पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायम सामानाच्या वहीत, नोंद झालेली. पोरांनी फाडली तर जबाब कोण देणार? मला राग आला होता. आता वाटतं, कुलूप नसतं तरी त्या मुलीला पेटीचा काय उपयोग होता?

केनियात नेमकं हेच तपासलं गेलं. १९९०च्या दशकात एका सेवाभावी संस्थेनं खेड्यांतल्या शाळांना पाठ्यपुस्तकं दिली. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं, तर सरासरी गुण वाढलेच नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढं असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा.

क्रेमर यांच्यासोबत २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांनी मुलांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेचं काम तपासलं होतं. मुंबई आणि वडोदऱ्यात मागं पडलेल्या मुलांना वस्तीतलीच शिकलेली मुलगी, ‘बालसखी’, रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसायची. गुण वाढले. पुढं ‘प्रथम’नं इयत्ता बाजूला ठेवून मुलांना वाचता काय येतं यावरून बसवायला सुरुवात केली: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. कोण कुठं आहे, हे काही मिनिटांत कळतं. पण उत्तर प्रदेशातल्या जौनपूरच्या खेड्यांत स्वयंसेवकांचे वर्ग भरले, तेव्हा जी मुलं आली ती शिकली आणि बहुतेक आलीच नाहीत. मेंढरांमागं गेलेली पोरं डोळ्यासमोर आणा, म्हणजे ही अडचण कळेल.

आणि शिकवायचं कसं, याचं उत्तर तर आपल्याच सातारा जिल्ह्यात होतं. मूळच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन फलटणला मराठीचा अभ्यास करायला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं वर्णमालेचा क्रम सोडला. थोडी अक्षरं घ्यायची, काना-वेलांटी लगेच सोबत आणायची आणि त्यांतून पोरांच्या तोंडातले शब्द पहिल्याच दिवसांत वाचायला लावायचे. ‘ज्ञ’ येईपर्यंत ‘आई’साठी कुणी थांबत नाही.

पेटीनंतर आम्ही पुस्तकं घेणं थांबवलं. वाडीतल्याच एका बारावी झालेल्या सुनेला महिन्याचं थोडं मानधन द्यायला लागलो. रोज तासभर, आठ पोरं, शाळेच्या ओट्यावर.

पावसाळ्यानंतर गेलो, तेव्हा पाटीवर मुद्दाम लिहिलं, ‘गिरणी बंद आहे’. त्या मुलीनं ते एका दमात वाचलं, मग माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘न्हाई काका, आज चालू हाय. आत्ताच आई दळाण घिऊन गेली.’’