दहाला वीस: स्वस्त आणि महाग फोर-स्ट्रोक इंजिनांमधल्या अंतराची पार्श्वभूमी

मॉडेल विमानासाठी ९१चे (०.९१ घन इंचांचे, म्हणजे सुमारे १५ सीसीचे) फोर-स्ट्रोक घ्यायचे ठरले की दोन इंजिने समोर येतात. मापे जवळपास सारखी, वजनात फारसा फरक नाही, दोन्हींवर १४ इंची पंखा चढतो, किंमत मात्र एकाची दुसऱ्याच्या दुप्पट. हा फरक धातूचा, नावाचा की नफ्याचा, यावर वर्षानुवर्षे वाद झाले आहेत. माझे मत असे की स्वस्त इंजिन बहुतेक वेळा कालचे महाग इंजिन असते. महाग इंजिने पुढे का सरकली आणि मागे राहिलेला आराखडा दुसऱ्यांच्या हाती कसा आला, हे समजायला ऐंशीच्या दशकातल्या एका नियमापर्यंत जावे लागते.

त्याआधीचा काळ थोडक्यात. तिसाच्या दशकात स्पार्क प्लगवर चालणारी १० सीसीची टू-स्ट्रोक आली आणि '६०' हा आकडा छंदात रुजला. १९४७ मध्ये ग्लो प्लग (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने मिश्रण पेटवणारा प्लग) बाजारात आला, बॅटरी-कॉइलचे ओझे विमानातून उतरले आणि पुढची तीन दशके टू-स्ट्रोकचीच झाली. फोर-स्ट्रोक अधूनमधून बनत होते, पण ते हौशी लेथवाल्यांचे काम. ग्लो प्लगवर फोर-स्ट्रोक चालवणे अवघड असते, कारण प्लगला दोन फेऱ्यांतून एकदाच जाळ मिळतो आणि मधल्या फेरीत तो थंड होतो. आयडलवर तर हमखास विझतो. अधिक उष्ण प्रकारचे प्लग आल्यावरच ही गोष्ट रोजच्या वापराची झाली.

१९७६ मध्ये जपानमधून ओएस कंपनीचे एफएस-६० आले. १० सीसीचे, कारखान्यात नियमित बनणारे आणि दुकानात मिळणारे फोर-स्ट्रोक. ताकद त्याच मापाच्या टू-स्ट्रोकपेक्षा बरीच कमी होती. तरी लोकांनी ते घेतले, कारण आवाज. जुन्या लढाऊ विमानांच्या प्रतिकृती उडवणाऱ्यांना टू-स्ट्रोकची किंचाळी कधीच मानवली नव्हती. हे इंजिन गुरगुरत होते. पाठोपाठ सायतो आणि एन्या या जपानी कंपन्या आल्या. ऑस्ट्रियातून झडपांऐवजी फिरत्या व्हॉल्व्हचे प्रयोग झाले, पण टिकला तो कॅमने पुशरॉड आणि रॉकर हलवून झडपा उघडण्याचाच मार्ग.

त्याच सुमारास युरोपात उड्डाण मैदाने आवाजाच्या तक्रारींवरून बंद पडू लागली. ब्रिटनमध्ये १९८२ च्या आचारसंहितेने ७ मीटरवरून ८२ डेसिबलची मर्यादा घातली. इथे फोर-स्ट्रोकला एक नैसर्गिक फायदा मिळाला. ही मोजणी माणसाच्या कानाच्या धर्तीवर होते, म्हणजे कर्कश आवाजाला जास्त वजन आणि खर्जाला कमी. फोर-स्ट्रोकचा स्फोट एकाआड एक फेरीला होत असल्याने त्याचा सूर मुळातच खाली असतो. पंख्याचाही हिशेब आहे. ट्यून्ड पाइप (ताकद वाढवणारी एक्झॉस्टची नळी) लावलेले १० सीसीचे टू-स्ट्रोक ११ इंची पंखा मिनिटाला १५,००० फेऱ्यांनी फिरवते, तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २१९ मीटर होतो. १५ इंची पंखा ८,५०० फेऱ्यांनी फिरला तर तो १७० मीटरच्या आसपास राहतो. सायलेन्सर कितीही चांगला असला तरी पात्याच्या टोकाचा आवाज त्यात अडकत नाही.

आता तो नियम. मॉडेल विमानांच्या आंतरराष्ट्रीय कसरत स्पर्धेत इंजिनाची मर्यादा १० सीसी होती. फोर-स्ट्रोकला तीच मर्यादा लावली असती तर तो स्पर्धेत दिसलाच नसता. म्हणून त्याला २० सीसी दिले गेले. दहाला वीस. वरकरणी हिशेब सरळ वाटतो: टू-स्ट्रोक प्रत्येक फेरीला ताकद देतो, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांतून एकदा, म्हणून आकारमान दुप्पट. ज्यांनी हे ठरवले त्यांचा हेतू आवाज कमी करण्याचा होता आणि तो योग्यच होता. आकडा मात्र सैल होता, असे मला आजही वाटते.

कारण हे गणित कागदावरचे आहे. टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आणि जळालेला वायू एकाच वेळी सिलिंडरमध्ये असतात. काही ताजे मिश्रण तसेच बाहेर जाते, काही जळालेला वायू आतच राहतो. फोर-स्ट्रोकला ओढायला एक पूर्ण स्ट्रोक आणि फेकायला दुसरा मिळतो, त्यामुळे त्याचा एकेक स्फोट जास्त भरलेला असतो. शिवाय तो मोठा पंखा सावकाश फिरवतो आणि मोठा सावकाश पंखा हवेतून जास्त काम काढतो. रविवारी उडवणाऱ्यांनी हे कोणत्याही नियमावलीशिवाय शोधून काढले होते. ४०च्या टू-स्ट्रोकसाठी आखलेले विमान ५२चा फोर-स्ट्रोक व्यवस्थित उडवतो. ६०च्या जागी ९१ बसतो. हे गुणोत्तर १.३ ते १.५ चे आहे, दोनचे नाही. मोटारसायकलींच्या शर्यतीत हीच चूक नंतर दिसली. २००२ मध्ये ५०० सीसीच्या टू-स्ट्रोकसमोर ९९० सीसीचे फोर-स्ट्रोक उभे केले गेले आणि टू-स्ट्रोक बघता बघता मैदानातून नाहीसे झाले.

बाजू दुसरीही होती आणि ती मांडणारे लोक काही कच्चे नव्हते. १० सीसीच्या टू-स्ट्रोकला ट्यून्ड पाइप होता. योग्य फेऱ्यांवर तो पाइप बाहेर निसटलेले मिश्रण परत आत ढकलतो, म्हणजे त्या इंजिनाची भरण फुकटात वाढते. तुलना नुसत्या सीसीची केली तर हा पाइप हिशेबात येतच नाही. मग फोर-स्ट्रोकला थोडे जास्त दिले तर बिघडले कुठे, असे ते म्हणत. त्यातच ऐंशीच्या दशकात कसरतींची पद्धत बदलली. मैदानाच्या दोन्ही टोकांना वळणेही कसरतीचाच भाग झाली, सरळ वेगाचे महत्त्व घटले आणि चढताना-उतरताना एकसारखा वेग राखण्याला गुण मिळू लागले. मोठा पंखा उतरताना ब्रेक लावतो, चढताना ओढतो. अशा कार्यक्रमात २० सीसीचा फोर-स्ट्रोक नियमाने दिलेल्या फायद्यापेक्षाही पुढे गेला.

आणि मग वायएस या जपानी कंपनीने नियमातली मोकळी जागा ओळखली. नियम मोजत होता पिस्टनने व्यापलेले आकारमान. त्या आकारमानात किती हवा कोंबायची याबद्दल तो गप्प होता. फोर-स्ट्रोकचा पिस्टन एका चक्रात दोनदा वर जातो, म्हणजे त्याच्या खालची बाजू दोनदा हवा ओढू शकते, आणि इनटेक झडप मात्र एकदाच उघडते. वायएसने क्रँककेसला (पिस्टनखालच्या पोकळीला) पंप बनवले, दोन श्वासांची हवा एका कोठीत दाबून ठेवली आणि झडप उघडताच ती आत सोडली. इंधन टाकीतून दाबाखाली यायचे, त्यामुळे टाकी विमानात कुठेही ठेवता येई. इंधनात २० ते ३० टक्के नायट्रोमिथेन घालून ही १२०ची (२० सीसीची) इंजिने अशी ओढत की साध्या १२०शी त्यांची तुलनाच करता येत नव्हती. माझ्या मते छंदातल्या इंजिनांमध्ये यापेक्षा देखणी कल्पना झालेली नाही. पण ती दहाला वीसच्या सवलतीवर उभी होती हे नाकारता येत नाही. टू-स्ट्रोकवाल्यांनी उत्तर म्हणून लांब स्ट्रोकची, सावकाश फिरणारी १० सीसीची इंजिने बनवली. ती चांगली होती आणि हरली. नव्वदच्या दशकात अखेर सीसीची मर्यादाच काढून टाकली गेली. उरल्या त्या २ मीटर लांबी-रुंदी, ५ किलो वजन आणि आवाज यांच्या मर्यादा. ती मोकळीक मिळताच १४०ची मोठी टू-स्ट्रोक इंजिने परत आली.

या सगळ्याचा रविवारच्या मैदानावर परिणाम असा झाला की 'महाग' या शब्दाचे दोन अर्थ झाले. एक महाग म्हणजे स्पर्धेचे: पंप, दाब, नंतर थेट इंधन फवारणी, प्रत्येक उड्डाणाला काटेकोर निडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू). दुसरे महाग म्हणजे चांगल्या धातूचे साधे इंजिन. सायतोने सिलिंडर आणि हेड एकाच तुकड्यात ओतले, आतून क्रोम चढवले, हेड गॅस्केटची कटकट संपवली आणि वजन इतके उतरवले की ९१च्या जवळपास त्याच अंगात १०० बसला. ओएसची सरपास मालिका त्या मानाने जड, पण बेफाम विश्वासू. तिच्यात गुपित असे काही नव्हते: कॅम, पुशरॉड, दोन झडपा, दोन बेअरिंगवर क्रँक, लोखंडी रिंग. खर्च होता तो कडकपणात आणि मापात.

नव्वदच्या दशकात चीनमधल्या कारखान्यातून असेच इंजिन येऊ लागले. ३०, ५२, ६१, ७०, ८०, ९१, १२० अशी मापे आणि रचना सरपासच्या इतकी जवळची की मैदानावरचे जाणते लोक दोघांचे भाग एकमेकांत बसवून पाहू लागले. तेच इंजिन एएसपी, एससी आणि मॅग्नम अशा वेगवेगळ्या नावांनी विकले गेले. झाकणाचा रंग आणि कोरलेली अक्षरे वेगळी, आतला माल एक. त्यामुळे 'हे त्यापेक्षा बरे' असे छातीठोक सांगणारे दोघे जण एकाच साच्यातल्या इंजिनांची तुलना करत असत.

स्वस्त इंजिनात काय वाचवले जाते हे आत पाहिल्याशिवाय कळत नाही. माझ्या हातात आलेल्या एका नव्याकोऱ्या स्वस्त ९१चे (नाव महत्त्वाचे नाही) मागचे झाकण मी पेटवण्याआधी उघडले. तळाशी तेलात चमचमणारा ॲल्युमिनियमचा किस होता, चिमूटभर. रॉकरचे झाकण काढले तर एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये (रॉकर आणि झडप यांमधल्या फटीत) फीलर गेजचे, म्हणजे फट मोजायच्या पट्टीचे, ०.०४ मिमीचे पातेही शिरेना. म्हणजे झडप नीट मिटतच नव्हती. पंखा हाताने फिरवला की कॉम्प्रेशनचा अडसर लागण्याऐवजी फुस्स असा आवाज येई. किस धुतला, टॅपेट ०.०४ आणि ०.१० च्या मध्ये लावले, तेव्हा पंखा दोन फेऱ्यांतून एकदा ठसक्याने अडू लागला. पहिल्या टाकीला भरपूर तेल आणि सैल निडल ठेवून रिंग बसू दिली. ते इंजिन पुढे छान चालले. महाग इंजिनात हेच काम कारखान्यात झालेले असते आणि किमतीतला बराचसा भाग त्याचा असतो. ते घरी करायची तयारी आणि फीलर गेज असेल तर फरक निम्मा होतो.

उरलेला निम्मा घरी भरून निघत नाही. फोर-स्ट्रोकच्या क्रँककेसला तेल मिळते ते रिंगच्या बाजूने खाली गळणाऱ्या मिश्रणातून. त्याच वाटेने जळणाचे पाणी आणि इंधनातल्या मिथेनॉलपासून झालेले आम्लही खाली येते. महिनाभर इंजिन तसेच ठेवले की मागच्या बेअरिंगवर तांबूस डाग धरतात, आणि क्रँक बोटांनी सावकाश फिरवल्यावर वाळू दळल्यासारखे खरखरते. बेअरिंग कुठल्याही इंजिनात गंजते, महागात सुद्धा. दिवस संपताना टाकी रिकामी करून इंजिन कोरडे चालवणे आणि ब्रीदरमधून (क्रँककेसच्या हवेच्या नळीतून) तेलाचे थेंब सोडणे हा दोघांनाही सारखाच नियम. फरक कॅमचा आणि झडपांच्या बैठकीचा आहे. कॅम नरम असेल तर टॅपेट दर काही उड्डाणांनी सैल होत जाते, तुम्ही आवळत राहता आणि ताकद तरीही उतरत राहते. हे बाहेरून दिसत नाही आणि पहिल्या वर्षात कळतही नाही. स्वस्त इंजिनाबद्दलची प्रशंसा बहुधा त्या पहिल्या वर्षातलीच असते.

पुढची हकिगत भराभर घडली. बॅटरीवरची मोटर कसरत स्पर्धेत २००० नंतरच्या दशकात शिरली आणि जिंकू लागली. ज्यांच्यासाठी दहाला वीसचा घोळ घातला गेला होता ते वैमानिकच फोर-स्ट्रोक सोडून गेले. छंदात राहिलेल्यांना मिथेनॉल-नायट्रो महाग पडू लागले, तेव्हा सायतोने पेट्रोलवरची फोर-स्ट्रोक आणली. इलेक्ट्रॉनिक ठिणगी, पेट्रोलमध्ये २० ला १ तेल आणि तीच क्रँककेसची जुनी वाट. ग्लोच्या तुलनेत ती अगदी कमी पितात. चीनमधूनही ३० आणि ३८ सीसीची पेट्रोल फोर-स्ट्रोक आली, आणि स्वस्त-महागची तीच चर्चा मोठ्या मापात पुन्हा सुरू झाली.

दरम्यान २०१०च्या दशकात ती अनेक नावांची चिनी ग्लो इंजिने बनवणे थांबले. ती आजही हातोहात फिरतात, कपाटांतून निघतात, कधी एकदाही न पेटवलेली. बेअरिंग सर्वसाधारण मापाची असल्याने मिळतात. कॅम, रॉकर आणि झडपा मात्र सहजासहजी मिळत नाहीत. म्हणून आता अशी दोन बंद इंजिने एकत्र विकत घेऊन त्यांतून एक चालते करणारे लोक दिसतात. ते विकत घेण्याआधी दोन्हींचे रॉकर झाकण उघडून टॅपेटच्या स्क्रूचा आटा किती आत गेला आहे ते पाहतात. जो जास्त आत गेला असेल त्याचा कॅम झिजलेला धरतात आणि ते इंजिन सुट्या भागांसाठी बाजूला ठेवतात.