धर्मादाय दुकान

लोकांनी दान दिलेल्या, बहुधा वापरलेल्या वस्तू विकून येणारी रक्कम एखाद्या लोकोपयोगी संस्थेच्या कार्यासाठी वापरणारे दुकान. ब्रिटनमध्ये ‘चॅरिटी शॉप’ आणि अमेरिकेत ‘थ्रिफ्ट शॉप’ या नावांनी ते ओळखले जाते. ‘थ्रिफ्ट’ म्हणजे काटकसर. त्यामुळे ब्रिटिश नावात पैसा कोठे जातो याचा, तर अमेरिकन नावात गिऱ्हाईक कशासाठी येते याचा निर्देश आहे. अमेरिकेतील ‘थ्रिफ्ट’ दुकानांपैकी काही मात्र केवळ खासगी नफ्यासाठी चालतात. महाराष्ट्रात पूर्वी व्यापारी बिलावर ‘धर्मादाय’ म्हणून अल्प रक्कम आकारून ती सत्कार्यासाठी बाजूला काढत. त्या प्रथेशी या दुकानांचा संबंध नाही, कारण तेथे विक्रीचा माल व्यापाऱ्याचा स्वतःचा असे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ब्रिटनमधील दुकानांचा विचार केला आहे.

पहिले धर्मादाय दुकान कोणते, याविषयी एकमत नाही आणि मतभेदाचे मूळ तारखांपेक्षा व्याख्येत आहे. सामान्यतः वुल्व्हरहॅम्प्टन येथील अंधांच्या संस्थेने १८९९ मध्ये काढलेल्या दुकानाला हा मान दिला जातो. मात्र तेथे अंध कारागिरांनी तयार केलेल्या नव्या वस्तू विकल्या जात. ते दानातील वस्तूंचे दुकान नव्हते. त्याआधी, १८९० मध्ये, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचे संस्थापक विल्यम बूथ यांनी घरोघरची टाकाऊ चीजवस्तू गोळा करून, ती दुरुस्त करून तिचा उपयोग करण्याची योजना मांडली होती. तिचा भर दुकानदारीवर नसून बेकारांना काम देण्यावर होता. अमेरिकेत बॉस्टन येथे मेथडिस्ट धर्मोपदेशक एडगर हेल्म्स यांनी १९०२ मध्ये सुरू केलेले आणि पुढे ‘गुडविल’ या नावाने वाढलेले कार्य याच धर्तीचे होते. सधन वस्त्यांतून जुने कपडे व सामान आणायचे, ते गरजू लोकांकडून दुरुस्त करून घ्यायचे आणि विक्रीतून त्यांची मजुरी भागवायची, अशी ही पद्धत होती. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉससाठी लंडनच्या शेफर्ड मार्केटमध्ये भरलेल्या बाजाराने सुमारे ५०,००० पौंड मिळवून दिल्याचा उल्लेख आढळतो. पण तो तात्पुरता बाजार होता, दुकान नव्हे.

दान आलेल्या वस्तू आणि कायमची जागा या दोन्ही कसोट्या लावल्या, तर एडिंबरो विद्यापीठाशी संबंधित सेवाकेंद्राने १९३७ मध्ये निकल्सन स्क्वेअर येथे उघडलेले दुकान अधिक जवळचे ठरते. तथापि ते एकाकी उदाहरण होते. व्यापक पातळीवर ही पद्धत रुजली ती दुसऱ्या महायुद्धात. रेडक्रॉसने १९४१ मध्ये लंडनमधील १७, ओल्ड बाँड स्ट्रीट येथे पहिले दुकान उघडले आणि युद्धकाळात अशी २०० हून अधिक कायम व सुमारे १५० तात्पुरती दुकाने निघाली. व्यापार मंडळाच्या (ब्रिटिश सरकारच्या व्यापारविषयक खात्याच्या) परवान्यात या दुकानांना अशी अट होती, की विक्रीची प्रत्येक वस्तू दान आलेली असली पाहिजे. विकत घेऊन पुन्हा विकण्यास मनाई होती. बहुतेक जागा बिनभाड्याच्या होत्या आणि काही घरमालक दिवाबत्तीचा खर्चही स्वतः सोसत. पुढील कायद्यांनी धर्मादाय दुकानाला दिलेल्या सवलती याच अटीच्या सौम्य रूपावर उभ्या आहेत, हे लक्षात घेता आजच्या दुकानांचा उगम वुल्व्हरहॅम्प्टनपेक्षा या परवान्यात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

युद्धानंतरच्या काळात ऑक्सफॅमचे दुकान सर्वांत प्रसिद्ध झाले. ग्रीसमधील दुष्काळपीडितांच्या मदतीसाठी १९४२ मध्ये ऑक्सफर्ड येथे स्थापन झालेल्या समितीतून ही संस्था उदयास आली. भारतातील तिचे प्रारंभीचे कार्य १९५१ च्या बिहारमधील दुष्काळाच्या वेळचे आहे. सेसिल जॅक्सन-कोल यांच्या पुढाकाराने ब्रॉड स्ट्रीटवर दुकान निघाले. त्याचा प्रारंभ कोणी १९४७ तर कोणी १९४८ मध्ये धरतात. व्यवहार डिसेंबर १९४७ मध्ये सुरू झाला आणि दुकान प्रत्यक्ष फेब्रुवारी १९४८ मध्ये उघडले, असे मानल्यास दोन्ही नोंदींचा मेळ बसतो. १९४९ मध्ये तेथे आलेले जो मिटी हे संस्थेचे पहिले पगारी कर्मचारी होते. दुकानाला शिस्तशीर व्यापाराचे रूप देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. आज ब्रिटनमध्ये अशी १०,००० हून अधिक दुकाने आहेत.

या दुकानांचे आर्थिक गणित बऱ्याच अंशी करसवलतींवर बेतलेले आहे. दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर मूल्यवर्धित कराचा दर शून्य असतो. विक्री पूर्णतः किंवा मुख्यतः दान आलेल्या वस्तूंची असेल आणि मिळकत संस्थेच्या कार्याकडे जात असेल, तर इंग्लंड व वेल्समध्ये दुकानाच्या जागेवरील स्थानिक करात ८० टक्के सूट सक्तीने मिळते. उरलेल्या २० टक्क्यांची माफी स्थानिक प्रशासनाच्या मर्जीवर असते. या ‘मुख्यतः’ शब्दामुळेच भेटकार्डे, चॉकलेट यांसारखा नवा माल दुकानात बेताने ठेवावा लागतो. तो बहुधा संस्थेच्या मालकीच्या वेगळ्या व्यापारी कंपनीमार्फत विकला जातो.

‘गिफ्ट एड’ योजनेमुळे या व्यवहारात एक कायदेशीर चमत्कारिकता आली आहे. या योजनेत करदात्या व्यक्तीने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स मिळतात. मात्र दान पैशाचेच असावे लागते, कपड्यालत्त्याचे चालत नाही. यावर अशी तोड काढण्यात आली, की देणाऱ्याने वस्तू दान न करता केवळ विक्रीसाठी दुकानाच्या हवाली करायची. विक्री होईपर्यंत मालकी त्याचीच राहते, दुकान त्याचा प्रतिनिधी म्हणून वस्तू विकते आणि आपले अल्प कमिशन घेते. नंतर मालकाला किती रक्कम आली ते कळवले जाते आणि ती स्वतःकडे ठेवायची की दान करायची, हे तो ठरवतो. थोडक्यात, हे आडतीचे काम आहे. शेतकऱ्याचा माल आडत्याच्या गाळ्यावर उतरला, तरी सौदा होईपर्यंत तो शेतकऱ्याचाच असतो आणि शेवटी हिशोबपट्टी त्याच्याच नावाने निघते, तसा हा प्रकार होय. अमेरिकेतील खासगी ‘कन्साइनमेंट’ दुकानांतही हेच तत्त्व असते; फरक इतकाच, की तेथे मालक आपला वाटा, बहुधा किमतीच्या ४० ते ६० टक्के, घरी नेतो. ब्रिटिश दुकानात मात्र पिशवीवर देणाऱ्याच्या क्रमांकाची चिकटपट्टी लावली जाते आणि तोच क्रमांक प्रत्येक वस्तूच्या किंमतचिठ्ठीवर येतो. एखाद्या सदऱ्याची चिठ्ठी गळून पडली, तर तो सदरा विकला जातो, पण त्यावरचे सरकारी २५ टक्के बुडतात.

दुकान यशस्वी होणे न होणे दर्शनी भागापेक्षा मागच्या खोलीवर अवलंबून असते. तेथे लांब टेबलावर पिशव्या रित्या केल्या जातात. स्वयंसेवक प्रत्येक कपड्याची कॉलर, काख, चेन आणि शिवण उजेडात धरून पाहतात, विकण्याजोगा कपडा वाफेच्या यंत्राने सरळ करून हँगरला लावतात आणि उरलेला चिंध्यांच्या पोत्यात टाकतात. विजेच्या वस्तू सुरक्षितता-चाचणीशिवाय विकता येत नाहीत. गादीच्या खुर्च्या व कोच यांवर १९८८ च्या अग्निसुरक्षा नियमांची पूर्तता दर्शवणारी कायमची पट्टी नसेल, तर उत्तम स्थितीतील फर्निचरही परत पाठवावे लागते. दान नाकारणे हे या व्यवसायातील सर्वांत अवघड काम मानले जाते.

किंमत ठरवण्यात दोन टोके टाळावी लागतात. फार कमी किंमत लावली तर पुनर्विक्रेते सकाळीच येऊन चांगला माल उचलतात. फार जास्त लावली तर माल रॅकवर राहतो आणि नेहमीचे गिऱ्हाईक तोच तो माल पाहून फिरकेनासे होते. म्हणून चिठ्ठीवर आठवड्याचा क्रमांक किंवा रंग असतो. साधारण दोन-तीन आठवड्यांत न विकलेली वस्तू स्वस्त केली जाते, दुसऱ्या शाखेत पाठवली जाते किंवा काढून टाकली जाते. नवखे व्यवस्थापक चांगला कोट महिनोन्‌महिने टांगून ठेवतात. जाणकारांच्या मते तो कोट नव्हे, तर त्याने अडवलेली जागा महाग असते. बहुतेक ठिकाणी एक-दोन पगारी माणसे आणि बाकी स्वयंसेवक अशी रचना असते. स्वयंसेवकांची उणीव पडली की दुकानाच्या वेळा कमी होतात. दारोदार पिशव्या टाकून कपडे गोळा करण्यासाठी १९३९ च्या कायद्यानुसार परवाना लागतो.

दुकानात न खपलेले कापड वजनावर व्यापाऱ्यांना विकले जाते. ऑक्सफॅमने त्यासाठी १९७४ मध्ये हडर्सफील्ड येथे स्वतंत्र वर्गीकरण केंद्र काढले. पाश्चात्त्य देशांतून निघणाऱ्या या कापडाचा काही भाग भारतात येतो. गुजरातेतील कांडला येथील विशेष आर्थिक क्षेत्रात त्याची निवड होऊन बराचसा पुन्हा परदेशी जातो, तर लोकरी चिंध्या पानिपतला सूत व घोंगड्यांसाठी वापरल्या जातात. अंगावर घालण्याजोगे जुने कपडे भारतात आयात करण्यावर निर्बंध असल्याने ते फाडून, चिंध्यांच्या रूपातच आणावे लागतात.

स्थानिक दुकानदार करसवलतींमुळे स्पर्धा विषम होते अशी तक्रार करतात. मोकळे पडलेले गाळे भरून निघतात, असे समर्थकांचे म्हणणे आहे. महाराष्ट्रात जुन्या कपड्यांचा व्यवहार प्रामुख्याने बोहारणीमार्फत चालत आला आहे. तेथे दान नसून सरळ अदलाबदल असते आणि साड्यांच्या गठ्ठ्यावर पातेले मिळणार की नुसते ताट, हे उंबऱ्यावर घासाघीस करून ठरते.