क्लाउड सर्व्हरसाठी राखीव स्थिर आयपी: कोणाला मिळतो, काय लागतं, कसा घ्यायचा

भोसरीच्या एका वर्कशॉपचं ई-इनव्हॉइसचं सॉफ्टवेअर मी क्लाउडवर बसवून दिलं होतं. बिल वाचवायला रात्री सर्व्हर बंद केला. सकाळी फोन : "साहेब, गाडी भरून उभी आहे, इनव्हॉइस निघत नाहीये." सर्व्हर ठणठणीत होता, फक्त त्याचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बदलला होता, आणि ई-इनव्हॉइस पोर्टलवर नोंद होती जुन्याची, त्यामुळे नव्याला ते दाद देत नव्हतं. नुसत्या रीस्टार्टने आयपी बदलत नाही. एडब्ल्यूएसवर, म्हणजे अमेझॉनच्या क्लाउडवर, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की बदलतो. यावर उपाय राखीव आयपी, म्हणजे तुम्ही सोडेपर्यंत तुमच्याच नावावर राहणारा. एडब्ल्यूएस त्याला इलॅस्टिक आयपी म्हणतं, डिजिटलओशन रिझर्व्ह्‌ड आयपी.

पात्रतेचं फार काही नाही. क्लाउड कंपनीकडे सुरू असलेलं खातं असेल तर कोणालाही मिळतो. एडब्ल्यूएसवर एका रीजनमध्ये (कंपनीचे सर्व्हर जिथे आहेत तो विभाग) सुरुवातीला 5 मिळतात. जास्त हवे तर 'सर्व्हिस कोटाज'मधून कारण देऊन मागायचे.

कागदपत्रं लागतात ती खातं उघडताना : मोबाइल, ईमेल, पत्ता, कार्ड, काही कंपन्यांकडे पॅनसारखं ओळखपत्र. खोटी माहिती भरू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022च्या निर्देशांनुसार क्लाउड कंपन्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता आणि दिलेले आयपी यांची नोंद 5 वर्षं ठेवावी लागते. फर्मचं खातं असेल तर जीएसटी क्रमांक पहिल्याच दिवशी भरा, नाहीतर इनपुट क्रेडिटसाठी सीए तुमच्या मागे लागेल.

आता रीजन. मुंबई रीजनचा आयपी हैदराबादच्या सर्व्हरला जोडता येत नाही, म्हणून सर्व्हर कुठे राहणार ते आधी ठरवा. (अ‍ॅझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं 'सेंट्रल इंडिया' रीजन पुण्यातच आहे. पुणेकरांना हे सांगितलं की ते मान हलवतात, जणू त्यांना आधीच माहीत होतं.)

एडब्ल्यूएसवर ईसीटू कन्सोलमध्ये (सर्व्हर सांभाळायचं पान) 'इलॅस्टिक आयपीज' उघडा, 'अ‍ॅलोकेट' करा, मग सर्व्हर निवडून 'असोसिएट'. दोन मिनिटांचं काम. त्या क्षणी सर्व्हरचा जुना आयपी जातो आणि तुमचं स्वतःचं लॉगिनही तुटतं, तेव्हा घाबरू नका. डोमेनचं ए रेकॉर्ड (डोमेन कोणत्या आयपीकडे जातं त्याची नोंद), ई-इनव्हॉइस पोर्टल, बँक, ब्रोकरची एपीआय (तुमचं सॉफ्टवेअर ब्रोकरच्या यंत्रणेशी थेट जोडायची सोय) यांना आयपी कळवायचा तो यानंतरच. ब्रोकरकडे तर हे टाळता येणार नाही : सेबीच्या 4 फेब्रुवारी 2025च्या परिपत्रकात एपीआय वापरायला स्थिर आयपीची अट आहे.

खर्च : 1 फेब्रुवारी 2024पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही4ला (इंटरनेटवर दिसणारा नेहमीचा आयपी) तासाला 0.005 डॉलर लावतं, म्हणजे 30 दिवसांचे 3.60, वर जीएसटी. सर्व्हर बंद ठेवला तरी मीटर चालूच. डिजिटलओशनचं उलटं, जोडलेला असेल तर फुकट आणि नुसता पडून असेल तर पैसे.

काम संपलं की 'डिसअसोसिएट' पुरत नाही, 'रिलीज' करावं लागतं. त्याआधी डोमेनमधून आणि सगळ्या परवानगी-याद्यांमधून तो आयपी काढा. सोडलेला आयपी उद्या दुसऱ्याच ग्राहकाला मिळतो, आणि तुमचं डोमेन त्याच्या सर्व्हरचं दार दाखवत बसतं.