कंपनी वॉरंटीचे पैसे देते म्हणाली आणि दिलेच नाहीत, तर काय करायचं?

आमचं दुकान फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन रिपेअरिंगचं, भांडुपला. पण हल्ली काही गिऱ्हाईकं मशीन नाही तर मोबाईलवरचा कंपनीचा मेल दाखवायला येतात. वॉरंटीत मशीन बिघडलं, कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला, जमलं नाही, शेवटी पैसे परत देतो असं ठरलं, टेम्पो येऊन मशीन घेऊन गेला आणि पैशांचा पत्ता नाही. आमच्या एका जुन्या ताईंचे साडेअठरा हजार असेच अडकले, दर फोनला "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच उत्तर, आणि त्या सात महिने घरातल्या पाच जणांचे कपडे हाताने धुत होत्या. ते बघून हा कागद छापलाय.

सगळ्यात आधी हे बघा की तुमचं ठरलंय ते नक्की कुठे. फोनवर ठरलं असेल तर आजच कंपनीला मेल टाका, अमुक तारखेला अमुक रक्कम द्यायचं कबूल केलंत, अजून आली नाही, आणि खाली कंप्लेंट नंबर घाला. मशीन अजून घरी असेल तर पिकअपची पावती घेतल्याशिवाय देऊ नका आणि पैसे खात्यात यायच्या आधी "फुल अँड फायनल"वर, म्हणजे सगळे पैसे मिळाले, आता काही मागणं नाही अशा कागदावर, सही तर अजिबात नको, इथेच बहुतेक लोक फसतात.

मग 15 दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, वकील लागतोच असं नाही, साध्या मराठीत लिहिली तरी चालते. सोबत 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, फुकट आहे. पण हेल्पलाइन कंपनीकडे पाठपुरावा करते, हुकूम देऊ शकत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर वर्ष घालवू नका. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या कोर्टात, जावं लागतं आणि मेलामेली चालू आहे म्हणून ही मुदत वाढत नाही.

आयोगाची भीती बाळगू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच केस टाकता येते, कंपनीचं हेड ऑफिस दिल्लीत असो की चेन्नईत. उपनगरातल्या लोकांसाठी बांद्रा पूर्वेला आयोग आहे, तक्रार ऑनलाइनही करता येते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. रकमेसोबत व्याज, त्रासाची भरपाई आणि केसचा खर्चही मागा, न मागता कोणी देत नाही.

आता महत्त्वाचं. केस चालू असताना कंपनीचा वकील बाहेर पॅसेजमध्ये येऊन म्हणेल, केस मागे घ्या, आठवड्यात पैसे देतो. तडजोड करायला हरकत नाही, पण केस मागे घेऊ नका, तडजोड आयोगासमोर लेखी नोंदवून तसा आदेश घ्या, त्यात रक्कम, तारीख आणि उशीर झाला तर व्याज किती हे लिहिलेलं असू द्या. मेलवरचं कबूल करणं हा फक्त पुरावा असतो, आदेश झाला की तो मोडला तर कलम 71 खाली दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली लावता येते, कंपनीचं बँक खातंसुद्धा जप्त होऊ शकतं. आणि कलम 72 खाली आदेश न पाळणाऱ्याला 1 महिना ते 3 वर्षं कैद किंवा 25 हजार ते 1 लाख दंड, किंवा दोन्ही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही.

बिल, वॉरंटी कार्ड, सर्व्हिसवाल्याच्या जॉब शीट, मेल, सगळ्याची झेरॉक्स एका फाईलमध्ये ठेवा. जॉब शीट तर टाकूच नका, तीनदा येऊनही मशीन सुरू झालं नाही हे कंपनीच्याच माणसाच्या अक्षरात त्यात असतं.

वॉरंटीतलं मशीन आम्ही उघडत नाही, बाहेरच्याने हात लावला म्हणून कंपनीला नाही म्हणायला निमित्त मिळतं. पण फाईल घेऊन या, संध्याकाळी 7 नंतर दुकानात गर्दी कमी असते, नोटीस लिहायला बसून मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.