विलापस्तोत्रे

विलापस्तोत्रे : बायबलच्या जुन्या करारातील ‘स्तोत्रसंहिता’ या ग्रंथात संकटात सापडलेल्या माणसाने किंवा समाजाने देवापुढे मांडलेली गाऱ्हाणी. ग्रंथातील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश या प्रकारची आहेत. ‘विलापगीत’ हा जुन्या करारातील वेगळा ग्रंथ होय. बाबिलोनच्या सैन्याने इ. स. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेम उद्ध्वस्त केले, त्याचा शोक त्यात आहे.

आजारपण, शत्रूचा जाच, आप्तांनी फिरवलेली पाठ, युद्धातील पराभव असे या स्तोत्रांचे प्रसंग. देवाला हाक, तक्रार, मागणे, विश्वासाचा उच्चार आणि स्तुतीचे वचन हे टप्पे बहुतेकांत दिसतात, मात्र त्यांचा क्रम ठरलेला नाही. १३वे स्तोत्र अवघ्या सहा ओव्यांचे आहे. त्याच्या पहिल्या दोन ओव्यांत ‘अद आना’, म्हणजे ‘कुठवर?’, हा हिब्रू प्रश्न चार वेळा येतो : देवा, मला कुठवर विसरशील, तोंड कुठवर लपवशील? पाचव्या ओवीत तोच माणूस म्हणतो, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. मधल्या काळात संकट टळल्याचा कोणताही उल्लेख नाही. हा पालट कसा झाला याची उकल योआखिम बेग्रिख या जर्मन अभ्यासकाने १९३४ मध्ये सुचवली : मंदिरातील याजक (पुरोहित) देवाच्या वतीने ‘भिऊ नको’ असे आश्वासन देत असावा आणि ते ऐकून भक्ताचा सूर बदलत असावा. तर्क सुरेख आहे, पण स्तोत्रात तो याजक कुठेच बोलत नाही.

८८व्या स्तोत्रात तर पालटच नाही. रात्रंदिवस हाका मारूनही उत्तर न मिळालेल्या या माणसाच्या प्रार्थनेचा हिब्रूतील शेवटचा शब्द ‘अंधार’ हा आहे. ज्यांनी ग्रंथ सिद्ध केला त्यांनी त्याला आशेची एखादी ओवी जोडली नाही, हे फार मोलाचे वाटते. रोमन कॅथलिक परंपरेत शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत हेच स्तोत्र म्हटले जाते. अडचणीच्या काळातील श्रद्धा म्हणजे निमूट सोसणे, असा समज ख्रिस्ती मंडळींतही आढळतो. या स्तोत्रांत मात्र रागावलेला, थकलेला भक्तही देवालाच ‘तू’ म्हणून हाक मारत राहतो. त्याचा भरवसा त्या हाकेतच आहे.

नव्या करारात या परंपरेला सर्वांत मोठे स्थान मिळते ते वधस्तंभावर. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे मत्तय आणि मार्क या शुभवर्तमानकारांनी (येशूचे चरित्र लिहिणाऱ्यांनी) नोंदवलेले येशूचे उद्गार २२व्या स्तोत्राच्या आरंभीचे आहेत. ते स्तोत्र स्तुतीत संपते, म्हणून येशूच्या मनात तो शेवटच होता असे काही भाष्यकार मानतात. पण हा अर्थ लावताना त्या आक्रोशाची धार बोथट होऊ नये. लूकच्या शुभवर्तमानातील ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ हे शब्दही ३१व्या विलापस्तोत्रातले आहेत. कॅथलिक उपासनेत २२वे स्तोत्र झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी), तर ३१वे उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येते.

मराठी वाचकाला ही भाषा परकी वाटत नाही. विठ्ठलाशी भांडणारे, त्याला जाब विचारणारे अभंग त्याच्या कानावर असतातच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत.

ही स्तोत्रे मूळ हिब्रूतून मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई आहेत. आईवडील, भाऊ आणि पती यांचे मृत्यू त्यांनी तरुणपणीच पाहिले होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींचा सांभाळ करत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. त्यानंतरही काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे बायबल १९२४ मध्ये छापून निघाले.